नॉय-इझेनबुर्गचं घर आणि ३ मार्कांची वर्गणी

वर्षाला ३ मार्क. फ्रांकफुर्टच्या दक्षिणेला खेटून असलेल्या नॉय-इझेनबुर्ग गावात २५ नोव्हेंबर १९०७ रोजी ज्यू मुलींसाठी एक घर उघडलं. ते ज्या संस्थेच्या नावावर होतं तिची ही सभासद-वर्गणी. तेव्हाच्या जर्मनीत कामगाराला दिवसाला साधारण एवढीच मजुरी मिळायची. घर कुणासाठी? लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांनी दार लावून घेतलेल्या, वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेल्या किंवा त्यात ओढल्या जाण्याच्या बेतात असलेल्या मुलींसाठी, आणि त्यांच्या पोरांसाठी.

वास्तू फुकट मिळाली होती. लुइझे गोल्डश्मिट नावाच्या श्रीमंत बाईंनी ती दान दिली. आतल्या सामानसुमानासाठी देणग्यांतून १९,००० मार्क जमले. म्हणजे सुरुवात मोठ्या पैशानेच झाली. तरीसुद्धा घराची मालकी 'ज्यू महिला संघटनेचं घर' अशा साध्या नावाच्या संस्थेकडे ठेवली गेली, आणि वर्गणी मुद्दाम कमी लावली गेली. देणारे हात जास्त असावेत आणि एखाद्या धनिकाच्या मर्जीवर घर तरंगत राहू नये, एवढाच हेतू. १९,००० मार्क तीन-तीन मार्कांनी गोळा करायचे म्हटले तर सहा हजारांवर बायका दारोदार शोधाव्या लागतात. हिशेबनीसाला विचारलं तर तो कपाळाला हात लावेल.

पण ज्यांनी कधी एखादी संस्था चालवली आहे त्यांना यातली मेख कळेल. मोठा देणगीदार आधी हॉलला नाव मागतो. मग कार्यकारिणीत जागा मागतो. आणि मग एके दिवशी चहा पिता पिता विचारतो, की बाकी सगळं ठीक आहे, पण 'तसल्या' मुलींना आपण का घेतो? या घरात तर सगळ्या 'तसल्याच' होत्या. त्यामुळे तो प्रश्न विचारण्याचा हक्क कुणा एकाला मिळू न देणं हीच घराची पायाभरणी होती.

ही योजना ज्यांची, त्यांचं नाव बेर्था पापेनहाइम.

'काही नाही, मुलगी'

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८५९चा, व्हिएन्नाचा. वडील धान्याचे व्यापारी, कर्मठ ज्यू. आई फ्रांकफुर्टच्या गोल्डश्मिट घराण्यातली. घर दान देणाऱ्या लुइझे त्याच नात्यातल्या. बेर्थाचा धाकटा भाऊ गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची वाट उघडणाऱ्या शाळेत, जाऊन शिकला. बेर्थाचं शिक्षण सोळाव्या वर्षी संपलं आणि भरतकाम, पियानो, घोडेस्वारी, घरातली कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांनी चालणाऱ्या, स्वयंपाकघराची शिस्त एवढं उरलं. उतारवयात त्यांनी लिहून ठेवलं आहे, की ज्यू घरात बाळंतपण झाल्यावर कुणी विचारलं तर मुलगा असेल तेव्हा समाधानाने सांगतात, आणि मुलगी असेल तर उत्तर येतं, 'काही नाही, मुलगी'. हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

वडिलांच्या आजारपणात त्या स्वतः आजारी पडल्या, आणि त्यांच्यावर डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी केलेले उपचार १८९५ साली ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या पुस्तकात 'अॅना ओ.' या नावाने छापले गेले. ती अॅना म्हणजेच ही बेर्था, हे जगाला १९५३ साली कळलं, त्या जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. एकदा 'केस' म्हणून छापल्या गेलेल्या बाईवर आपण पुन्हा प्रकरण लिहायचं, याचं थोडं अवघडलेपण मला आहे. म्हणून तो भाग इथेच सोडते. एक मात्र नोंदवायला हवं: पुढे नॉय-इझेनबुर्गच्या मुलींची मानसोपचारतज्ज्ञाकडून ठरावीक काळाने तपासणी व्हायची, पण मनोविश्लेषण त्यांच्यावर करू द्यायला पापेनहाइमबाईंचा ठाम नकार होता.

१८८८ साली आईबरोबर त्या फ्रांकफुर्टला आल्या. आधी पूर्वेकडून आलेल्या गरीब ज्यूंसाठीच्या अन्नछत्रात सूप वाढायचं काम, मग महिला मंडळाच्या मुलींच्या अनाथाश्रमात गोष्टी वाचून दाखवणं. १८९५ साली आश्रमाच्या गृहमाता आजारी पडल्या म्हणून तात्पुरत्या बदलीवर गेल्या आणि बारा वर्षं राहिल्या. त्या बारा वर्षांतला बदल वरवर छोटा दिसतो. आश्रमातल्या मुलीचं शिक्षण तिचं लग्न लावून देण्यापाशी संपत असे. बाईंनी ते तिने स्वतःच्या पायावर उभं राहण्याकडे वळवलं. संध्याकाळी त्या लिहायच्या. १८९९ साली इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी जर्मनमध्ये आणलं, तेही 'पी. बेर्थोल्ड' या टोपणनावाने. आधीच्या पुस्तकावर तर पूर्ण 'पाउल बेर्थोल्ड' होतं. पुरुषाचं नाव असलं की पुस्तक जरा गंभीरपणे वाचलं जात असावं.

पुण्य होतं, पण कुणाच्या वहीत

ज्यू समाज दानधर्मात कधी मागे नव्हता. 'त्झेदाका' हा दानाचा हिब्रू शब्द न्याय या अर्थाच्या धातूवरूनच येतो. देणं ही मेहेरबानी नसून देणं लागण्याचा भाग आहे, ही त्यामागची समजूत. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि सगळ्यात वरची कोणती, तर घेणाऱ्याला पुन्हा मागावं लागणार नाही असं उभं करणं. गावोगावी सूप होतं, कोळसा होता, आजाऱ्यांना भेटणारी मंडळं होती.

मुलींसाठीही होतं. पण काय? गरीब नवरीचा हुंडा. अनाथ मुलीचं लग्न लावून देणं हे थोर पुण्य मानलं जाई आणि त्यासाठी वेगळे निधी असत. म्हणजे मुलगी समाजाच्या वहीत यायची ती नवरी होण्याच्या दिवशी. नवरी न होता आई झाली, तर त्या वहीत तिला रकानाच नव्हता. आणि वही पुरुषांकडे होती. जर्मनीतला ज्यू समाज म्हणजे 'गेमाइंडे' ही कायद्याने मान्यता असलेली, सभासदांकडून कर घेणारी संस्था होती. कर भरणाऱ्या बाईलाही तिच्या निवडणुकीत मत नव्हतं. बायकांनी फराळ करायचा, बाजार भरवायचे, पैसे जमवायचे आणि ते कुठे खर्च करायचे हे वरच्या मजल्यावर ठरायचं.

या ठिकाणी पापेनहाइमबाईंचं वेगळेपण दिसतं. १९०२ साली त्यांनी फ्रांकफुर्टमध्ये 'वाइब्लिशे फ्युरझोर्गे', म्हणजे स्त्रियांनी केलेली देखभाल, या नावाची संस्था काढली. दयाळू बायका फ्रांकफुर्टमध्ये हव्या तितक्या होत्या. बाईंनी जर्मन स्त्रीचळवळीच्या मागण्या या धर्मादाय कामात आणून बसवल्या, आणि काम करणाऱ्या बाईलाच निर्णय घ्यायला लावलं.

गॅलिशियाचा प्रवास

१९०३च्या वसंतात बाई गॅलिशियाला गेल्या. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता; आज तो पोलंड आणि युक्रेनमध्ये विभागलेला आहे. तिथल्या ज्यू वस्त्यांत कमालीचं दारिद्र्य. कर्मठ घरात मुलाचं धर्मशिक्षण हे कर्तव्य, मुलीचं नाही. परिणाम असा, की मुलाकडे निदान एक पाठशाळा होती आणि मुलीकडे ना विद्या ना धंदा. अशा मुलीच्या दारात एक दिवस परदेशातून आलेला, बऱ्या कपड्यांतला माणूस उभा राहायचा. हुंडा नको म्हणायचा.

इथे धर्मशास्त्राची एक फट कामाला यायची. ज्यू विवाहाला मंडप लागत नाही. एक अंगठी, दोन साक्षीदार आणि ठरलेलं वाक्य एवढ्यावर तो लागतो. गॅलिशियात असंख्य लग्नं नुसती धार्मिक रीतीनेच व्हायची, सरकारी नोंद नसायची. त्यामुळे दलाल गुपचूप लग्न लावून मुलीला घेऊन जायचा. धर्माच्या दृष्टीने ती बायको, सरकारच्या दृष्टीने कुणीच नाही. पुढचा रस्ता कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, नाहीतर ब्यूनोस आयरिस. एक फाटा सुएझमार्गे आपल्या मुंबईतही यायचा. कामाठीपुऱ्यातली 'सफेद गल्ली' ज्या गोऱ्या बायकांमुळे त्या नावाने ओळखली जाऊ लागली, त्यांत पूर्व युरोपातून आणलेल्या ज्यू मुली बऱ्याच होत्या. मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे हा उल्लेख सहसा एका वाक्यात उरकतात. त्या वाक्याचं दुसरं टोक गॅलिशियातल्या एखाद्या चिखलाच्या गल्लीत असतं.

परत आल्यावर बाईंनी जे पाहिलं ते छापलं, आणि बोंब झाली. त्यांनी दोन्ही गोष्टी उघड लिहिल्या होत्या: विकल्या जाणाऱ्या मुली ज्यू आहेत, आणि विकणाऱ्यांतही ज्यू आहेत. ज्यूद्वेष्टे तर अशा वाक्याची वाटच पाहत असत. समाजातल्या वजनदार मंडळींचं म्हणणं, हे घरातच राहू द्या, शत्रूच्या हातात कोलीत कशाला देता? हे म्हणणं निव्वळ भित्रेपणाचं नव्हतं. पुढच्या तीस वर्षांत त्या देशात काय झालं हे माहीत असताना त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही मला बाईंची बाजू पटते. गप्प बसून समाजाचं नाव राखलं जात होतं, पण त्याची किंमत ज्या मोजत होत्या त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

१९०४ साली बर्लिनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली. त्याच सुमारास ज्यू महिला मंडळांचा महासंघ, 'युडिशर फ्राउएनबुंड' (घराच्या नावातली 'ज्यू महिला संघटना' ती हीच; पुढे नुसतं 'बुंड'), स्थापन झाला. पापेनहाइमबाई अध्यक्ष झाल्या आणि १९२४पर्यंत राहिल्या. त्यांच्या जोडीला हॅम्बुर्गच्या झिडोनी व्हेर्नर होत्या. १९१३पर्यंत १६० गट आणि ३२,००० सभासद. १९२०च्या दशकाच्या अखेरीला ५०,०००. एवढ्या लहान समाजाच्या मानाने हा आकडा दांडगा आहे. बुंडने रेल्वे स्टेशनांवर आणि बंदरांवर बायका उभ्या केल्या. एकटी, बावरलेली मुलगी गाडीतून उतरली की दलालाच्या आधी आपण तिच्यापाशी पोचायचं, असं हे अगदी साधं काम.

पण स्टेशनवर गाठलेल्या मुलीला न्यायचं कुठे?

घर

नॉय-इझेनबुर्ग का? फ्रांकफुर्टचे दवाखाने, संस्था हाकेच्या अंतरावर होत्या, हे एक कारण. दुसरं कारण नकाशात दडलेलं आहे. जर्मनीच्या घटकराज्यांपैकी फ्रांकफुर्ट प्रशियात होतं आणि नॉय-इझेनबुर्ग हेसेत. नागरिकत्व नसलेल्या लोकांबाबत प्रशियाचे नियम कडक होते, हेसेत तेवढे नव्हते. पूर्वेकडून आलेल्या कित्येक मुलींकडे कुठल्याच देशाचे कागद नसत. सीमेपलीकडे पाच-सात किलोमीटर सरकून बाईंनी त्या मुलींना पोलिसांपासून थोडी सवलत मिळवून दिली. संस्थांच्या अहवालांत असल्या गोष्टींना 'दूरदृष्टी' म्हणतात. मी तरी याला कायद्याची चांगली ओळख म्हणेन.

घर साधं होतं. इतकं साधं, की त्यावर टीका व्हायची. न्हाणीघरांत नळाचं पाणी नव्हतं. सगळ्या खोल्या ऊबदार ठेवणारी यंत्रणा १९२० साली आली. जर्मनीतले हिवाळे लक्षात घेता हे काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही. आणि याच घराच्या तळघरात पेसाह या, आंबवलेलं अन्न घरात चालत नाही अशा ज्यू सणासाठी वेगळं स्वयंपाकघर होतं, वर्षातून एकदाच लागणारं. पैशाची ओढाताण असताना एक अख्खं स्वयंपाकघर एका सणासाठी राखून ठेवणं मला आधी चैन वाटली होती. मग लक्षात आलं, की या मुलींना ज्यू समाजानेच बाहेर काढलं होतं. कर्मठातल्या कर्मठ माणसानेही या घरात जेवायला बसावं आणि त्याला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढं चोख कोशर ठेवणं हाच त्यावरचा जवाब होता. मुली धर्माबाहेर गेलेल्या नाहीत, असं ते स्वयंपाकघर दरवर्षी सांगत असे.

बोट ठेवणारे तरी ठेवत होतेच. कर्मठ वर्तुळात या घराचा उल्लेख लाजिरवाणी गोष्ट म्हणून व्हायचा. असं घर काढणं म्हणजे अनीतीला मूक संमती, असा त्यांचा दावा.

रोजचं काम कसं चालायचं? गरोदर मुलगी यायची. बाळंतपण फ्रांकफुर्टच्या दवाखान्यात व्हायचं आणि मग आई-बाळ दोघं परत घरी. मुलाला आईपासून तोडून कुठे तरी देऊन टाकायचं आणि मुलीला 'नवं आयुष्य' सुरू करायला लावायचं, ही तेव्हाची सोपी वाट बाईंनी टाळली. मुलीच्या माहेराशी पत्रव्यवहार, बोलणी, समजूत. मुलाचा बाप कोण ते माहीत असेल तर त्याने लग्न करावं, नाहीतर पोटगी द्यावी म्हणून पाठपुरावा. लहान मुलं मोठी झाली की गावच्या सरकारी शाळेत जायची, इतर मुलांसारखीच. १९०८ साली घरात १० जणी होत्या. १९२८ साली हा आकडा १५२ वर गेला. एका घराच्या चार इमारती झाल्या. त्यातली एक गरोदर आणि बाळंत बायकांसाठी होती. आजाऱ्यांना वेगळं ठेवायची सोयही होती. बागेत बाईंनीच लिहिलेल्या एका गोष्टीवरून केलेलं कारंजं होतं: हाकलून दिलेला करकोचा. युरोपात बाळं करकोचा आणून देतो अशी समजूत आहे. त्या घरात कुणालाच नको असलेली बाळं यायची, तिथे करकोच्यालाच हाकलून दिल्याची गोष्ट बागेत उभी करण्यात केवढा तिरकस विनोद आहे! ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबेर यांच्यासारखी मंडळी तिथे व्याख्यानाला येऊन गेली.

गाठ न सुटलेल्या बायका

घर चालवता चालवता एक गोष्ट उघड झाली. दारात येणाऱ्या सगळ्याच मुली फसलेल्या नव्हत्या. काहींचं लग्न झालेलं होतं आणि ते सुटत नव्हतं.

ज्यू कायद्यात घटस्फोटाचा कागद, 'गेट', नवऱ्याने बायकोच्या हातात द्यावा लागतो. त्याने दिला नाही, तो अमेरिकेला निघून गेला, किंवा मेला पण मेल्याचा साक्षीदार नाही, तर ती बाई 'अगुना' होते. शब्दाचा अर्थ नांगरलेली, जखडलेली. ती पुन्हा लग्न करू शकत नाही. केलंच, तर त्या संबंधातून झालेल्या मुलांवर 'मामझेर' हा शिक्का बसतो आणि तो पुढच्या पिढ्यांनाही लागतो. गॅलिशियातून नवरे जहाजाने गेले ते गेले. मग पहिलं महायुद्ध आलं आणि हजारो शिपाई 'बेपत्ता' झाले. त्यांच्या बायका ना सवाष्ण, ना विधवा.

बाई आणि बुंड यांनी रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, वारंवार मागणी केली, की यातून शास्त्रातच मार्ग काढा. ती मागणी मान्य झाली नाही. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची नोंद ही आहे. घर बांधता आलं, पैसा उभा करता आला, मुलगी दलालाच्या हातून सोडवता आली. पण ज्या एका कागदाने ती मुळात सुटली असती तो देण्याचा अधिकार दानातून विकत घेता येत नव्हता. गेटचा प्रश्न ज्यू समाजात आजही चालूच आहे.

मताधिकाराचं मात्र वेगळं झालं. जर्मनीत बायकांना नोव्हेंबर १९१८ मध्ये देशाच्या निवडणुकीत मत मिळालं. गेमाइंडेत मिळवण्यासाठी बुंडला शहराशहरात वेगळं भांडावं लागलं, आणि १९२०च्या दशकात बहुतेक मोठ्या शहरांत ते मिळालं. म्हणजे देशाचं सरकार निवडायला लायक असलेली बाई सिनेगॉगची समिती निवडायला लायक ठरायला आणखी काही वर्षं लागली. त्याआधी, १९१७ साली, विखुरलेल्या ज्यू धर्मादाय संस्थांना एका छत्राखाली आणणारं मध्यवर्ती मंडळ उभं राहिलं, त्यामागेही बाईंचीच हाकाटी होती. ते मंडळ आजही फ्रांकफुर्टमधून काम करतं.

जे मला खटकतं

बुंडच्या बायका मताधिकारावर ठराव करत होत्या, आणि त्यांच्या घरातल्या मुली काय शिकत होत्या? घरकाम. कपडे धुणं, शिवण, मुलं सांभाळणं. बाहेर पडल्यावर बहुतेकींना कुणाच्या तरी घरी कामाला लागायचं होतं, आणि ते 'कुणाचं तरी घर' अनेकदा बुंडच्या सभासद बाईंसारख्याच बाईंचं असणार. व्यासपीठावर हक्क आणि मागच्या दारी झाडू, असं हे दुभंगलेलं चित्र आहे. त्या काळात गरीब मुलीला लगेच मिळू शकणारं, सुरक्षित छप्पर असलेलं काम हेच होतं, असं बाईंच्या बाजूने म्हणता येईल. मी ते अर्धंच मान्य करते. अनाथाश्रमात ज्यांनी लग्नापलीकडचं शिक्षण मागितलं होतं, त्यांच्याकडून अपेक्षा जास्त होती.

दुसरं, स्वयंसेवेचा हट्ट. समाजकार्य हे स्त्रीचं कर्तव्य, एक प्रकारचं आईपण, अशी त्यांची धारणा होती. स्वतःला मूल नसलेल्या बाई घरातल्या मुलींची आई झाल्या हे खरं. पण बिनपगारी काम त्याच बाईला जमतं जिच्यामागे माहेरची इस्टेट असते. पगारी, प्रशिक्षित समाजसेविकांची नवी पिढी आली तेव्हा बाईंचे त्यांच्याशी खटके उडाले, याचं नवल वाटत नाही. सत्तेच्या बाबतीत स्वभाव करडा. ३ मार्क देणाऱ्या अनेकांचं घर, पण शब्द चालायचा तो एकाच बाईचा.

आणि त्यांना नाजूक लेस जमवायचा शौक होता. हाताने विणलेल्या लेसचा मोठा संग्रह त्यांनी १९३५ साली व्हिएन्नाच्या संग्रहालयाला देऊन टाकला. नळ नसलेल्या न्हाणीघराच्या शेजारी ही लेस ठेवून पाहिली की काय वाटतं? मला आधी राग आला होता. नंतर आठवलं की लेस हेही बायकांचंच, कमी दामाचं, डोळे फोडणारं काम आहे, आणि गॅलिशियाच्या मुलींसाठी त्या ज्या धंद्यांचा विचार करत होत्या त्यात हेही होतं.

हिटलर सत्तेवर आल्यावर मुलांना आई-बापांपासून वेगळं करून पॅलेस्टाइनला पाठवण्याची मोहीम सुरू झाली, तिलाही त्यांनी विरोध केला. मूल आईपाशीच हवं, हा घराचाच नियम त्यांनी तिथे लावला. १५ सप्टेंबर १९३५ला ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे न्यूर्नबर्गचे कायदे आले तेव्हा त्यांचं मत बदललं. या वेळी तो नियम चुकीचा ठरला होता.

१९३६ ते १९४२

घरातल्या एका मंदबुद्धी मुलीने हिटलरबद्दल काही तरी वावगं बोलल्याची कागाळी तिथल्याच एका नोकराने पोलिसांत केली. ऑफेनबाखच्या पोलिसांचं बोलावणं आलं. बाईंना कर्करोग होता, शस्त्रक्रिया झालेली होती. १६ एप्रिल १९३६ रोजी त्यांची चौकशी झाली. त्यांनी शांतपणे, पण ठाम उत्तरं दिली आणि प्रकरण पुढे गेलं नाही. २८ मे रोजी त्या गेल्या. फ्रांकफुर्टच्या कब्रस्तानात आईच्या शेजारी पुरलं. ज्यूंच्या रीतीप्रमाणे भेटायला येणाऱ्याने थडग्यावर एक छोटा दगड ठेवावा, आणि तो स्त्रियांच्या कामाला न डगमगता लागण्याचा मुका शब्द समजावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

१९३७ मध्ये घरातल्या मुलांना गावच्या शाळेत बसू देईनात. मग रोज फ्रांकफुर्टच्या ज्यू शाळेत नेणं-आणणं सुरू झालं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी जमाव आला. मुख्य इमारत जाळली, बाकीच्यांची मोडतोड केली. त्याच महिन्यात फ्राउएनबुंड बंद पाडण्यात आला. उरलेल्या इमारतींत काही बायका-मुलं आणखी तीन वर्षं राहिली. ३१ मार्च १९४२ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घर बंद केलं. तिथल्या उरलेल्यांना तेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत नेलं गेलं, आणि त्यांतल्या अनेकांचा तिथेच अंत झाला. शेवटच्या दिवसांत बाईंची शुश्रूषा करणाऱ्या, बुंडच्या कामाची धुरा वाहणाऱ्या हाना कारमिन्स्की यांना ९ डिसेंबर १९४२ला आउशवित्झच्या गाडीत बसवलं.

पश्चिम जर्मनीने १९५४ साली 'मानवतेचे मदतनीस' या मालिकेत बेर्था पापेनहाइम यांचं टपाल तिकीट काढलं. जगाला 'अॅना ओ.' कोण ते कळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नॉय-इझेनबुर्गला आगीतून वाचलेल्या इमारतीत आज त्यांच्या नावाचं स्मृतिकेंद्र आहे.